प्रति: ल्युपस, किडनी आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा'

प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार) किडनी खराब होते, तेव्हा गुळवेलीचा काढा चालू करा, हा वरचा सल्ला मला अजिबात पटत नाही. इथं ती कमी नसते, नको तितकी चेतलेली असते. इंटरफेरॉन हा रेणू म्हणजे विषाणू आल्याची दवंडी. ल्युपसमध्ये विषाणू नसताना, आपल्याच मेलेल्या पेशींच्या डीएनएमुळे ती पिटत राहते. मग बी पेशी, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, आपल्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडीज बनवत सुटतात, त्यांचे गठ्ठे किडनीच्या गाळणीत अडकतात आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं. बी पेशींना जगवणाऱ्या 'बाफ' या रेणूला अडवणारं बेलिमुमॅब हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत किडनीच्या ल्युपससाठी मंजूर झालं, पण किंमत बघून आपल्यासारख्याने घामच पुसावा.

एक गोष्ट इथं कुणी लिहिली नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही जुनी, स्वस्त गोळीसुद्धा इंटरफेरॉनचा हाच इशारा दाबते, आणि उन्हातले अतिनील किरण तो भडकवतात. आमच्या ल्युपस असलेल्या भावजयीनं बरं वाटतंय म्हणून ती गोळी परस्पर सोडली आणि वसमतकडे हळद काढणीला भर उन्हात राबली. आधी गाल लाल झाले, मग लघवीला फेस. ना दुखणं, ना ताप. नांदेडला दाखवलं तर बीपी वाढलेलं, प्रोटीन भरपूर. आता गोळी चालू आहे, वर्षाला डोळे तपासतात, आणि लघवीतल्या प्रोटीन-क्रिएटिनीनची तपासणी (किती प्रोटीन जातंय ते कळायला) डॉक्टर दर खेपेला करायला लावतात.