सोलमधली जपानी कचेरी पाडली, ते योग्यच झालं

१५ ऑगस्ट १९९५. जपानी राजवटीतून कोरिया सुटला त्याला त्या दिवशी पन्नास वर्षं झाली. सोलमध्ये जपानी गव्हर्नर-जनरलच्या कचेरीचा कळस क्रेनने उतरवला, आणि पुढच्या वर्षी ती दगडी इमारत पूर्ण पाडून झाली. राष्ट्राध्यक्ष किम योंग-साम यांचा हा निर्णय. त्यावर ‘इतिहास पुसला’ अशी टीका अजून होते. मला ती पटत नाही.

कचेरी होती कुठे, ते आधी बघा. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला आणि राजधानीचं नावही बदलून केइजो केलं. शहरात जागेला तोटा नव्हता. तरी कचेरीसाठी जागा निवडली ती ग्योंगबोकगुंग या राजवाड्याच्या आवारात, दरबाराच्या ऐन समोर. त्यासाठी ह्युंग्न्येमुन हा आतला दरवाजा पाडला. ग्वांगह्वामुन हा मुख्य दरवाजा उचलून पूर्वेच्या बाजूला नेऊन ठेवला. १९१६ ला सुरू झालेलं काम १९२६ ला संपलं. हमरस्त्यावरून बघणाऱ्याला राजवाडा दिसूच नये, अशी ती रचना होती. अशा इमारतीला नुसता वारसा कसं म्हणायचं?

उंबरठा:
असहमत. तिथे जपानी अधिकारी बसले हे खरं, पण तेवढंच घडलं का? सप्टेंबर १९४५ मध्ये कोरियातल्या जपान्यांनी शरणागतीवर सही केली ती याच इमारतीत. १९४८ मध्ये कोरियन प्रजासत्ताकाची घोषणा झाली ती हिच्याच समोर. १९८६ पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय होतं. म्हणजे जेत्याच्या कचेरीत कोरियन लोकांनी आपल्या पूर्वजांच्या वस्तू मांडल्या होत्या! याहून चांगला वापर कोणता? आणि संग्रहालयाची नवी वास्तू तयार नसताना ही पाडली. योंगसानची इमारत उघडायला २००५ उजाडलं. तोवर संग्रह तात्पुरत्या जागेत.

दगडफूल:
उंबरठा यांच्याशी सहमत. सोलमधला जपानी काळातला सोदेमुनचा तुरुंग कोरियनांनी राखला ना? तिथल्या अरुंद कोठडीसमोर मी उभी राहिले होते. आत पाय पसरायलाही जागा नाही. भिंतीला हात लावल्यावर जे कळलं ते पुस्तक वाचून कळलं नसतं. मग एक वास्तू ठेवायची, दुसरी पाडायची, हे कशावरून ठरवलं? हाच न्याय लावला तर मुंबईतलं व्हीटीही पाडायला हवं.

सह्यकडा:
ताई, व्हीटी बांधायला कोणाचा राजवाडा पाडला नव्हता. आणि कोरियनांनी जपानी काळातलं सरसकट पाडलेलं नाही. १९२५ चं जुनं रेल्वे स्टेशन उभं आहे. १९२६ च्या महापालिका इमारतीत आज ग्रंथालय आहे. पाडली ती फक्त राजवाड्याच्या छातीवर बसलेली कचेरी.

हे अंगावर येणारं आहे, असं तेव्हाच एका जपानी माणसानं म्हटलं होतं. १९२२ मध्ये ग्वांगह्वामुन पाडायचं ठरलं, तेव्हा यानागी मुनेयोशी या कला-अभ्यासकाने जाहीर लेख लिहिला. उद्या जपान दुसऱ्याच्या ताब्यात गेला आणि एदोचा (म्हणजे टोकियोचा) किल्ला पाडायला घेतला तर तुम्हाला काय वाटेल, असं त्याने आपल्याच देशबांधवांना विचारलं. दरवाजा वाचला, पण जागेवरून हलवून.

उंबरठा:
यानागींबद्दल आदर आहेच. पण पाडण्याऐवजी ती इमारत दुसरीकडे हलवता आली असती. तशी मागणी त्या वेळी झाली होती.

धागाकर्ता:
संग्रहालयाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ती घाई नडली, आधी नवी वास्तू उभी करायला हवी होती. पण पुसलं मात्र नाही. तो कळस छोनानच्या स्वातंत्र्य स्मारकात मी पाहिलाय. जमिनीच्या पातळीखाली खोलगट जागा केली आहे आणि त्यात तो ठेवलाय. एके काळी मान वर करून बघावा लागायचा, आता आपण काठावर उभं राहून खाली बघतो. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला काहीतरी समजावत होते. भाषा कळली नाही, पण त्यांचं बोट बराच वेळ त्या टोकाकडेच होतं.

राहिला प्रश्न रिकाम्या जागेचा. २००१ मध्ये ह्युंग्न्येमुन पुन्हा उभा राहिला. कोरियन युद्धात जळालेला ग्वांगह्वामुन १९६८ मध्ये काँक्रीटचा केला होता. तो काढून २०१० मध्ये मूळ जागी लाकडाचा बांधला. आज हमरस्त्यावर उभं राहिलं की दरवाजा, त्यामागे दरबाराचं छप्पर आणि त्याच्याही मागे बुगाकचा डोंगर, हे सगळं एका नजरेत दिसतं. जवळजवळ सत्तर वर्षं ते दिसत नव्हतं.