'अंधारयुग' म्हणणं थांबवायचं का? (निमित्त : पॅरिसची १२७७ ची बंदी)

जुना दप्तरी
पुतणीच्या इतिहासाच्या वहीत वाक्य दिसलं : 'मध्ययुगात चर्चने विचारांवर बंदी घातली, म्हणून युरोपातील त्या काळास अंधारयुग म्हणतात.' माझ्या वहीतही हेच होतं, 'त्या काळास'सकट. आज त्याच्याशी भांडायचं ठरवलंय, आणि त्यासाठी मला सगळ्यात गैरसोयीचं उदाहरण घेतो.

७ मार्च १२७७. पॅरिसचा बिशप एत्येन ताँपिए याने २१९ विधानांची यादी काढली. ही विधानं जो शिकवेल तो बहिष्कृत. जो ऐकेल आणि सात दिवसांत येऊन सांगणार नाही, तोही बहिष्कृत. रोख होता विद्यापीठाच्या कलाशाखेतल्या मास्तरांवर. ब्राबाँचा सिजे, डेन्मार्कचा बोएथियस ही त्यातली मोठी नावं. ही मंडळी अरबी तत्त्वज्ञ इब्न रुश्दचं भाष्य हाताशी धरून अ‍ॅरिस्टॉटल शिकवत. यादीतली काही विधानं बघा : जग अनादि आहे. धर्मशास्त्र शिकून ज्ञानात काहीही भर पडत नाही. जगात शहाणे काय ते तत्त्वज्ञच.

पॅरिसच्या वर्गांत १२७७ साली असलं काही बोललं जातंय अशी भीती खुद्द बिशपला वाटत होती. अंधारात कोणी असं बोलतं का?

शिवाय ही पहिली बंदी नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर पॅरिसात व्याख्यानं द्यायची नाहीत असं १२१० ला ठरलं, १२१५ ला पुन्हा बजावलं. आणि १२५५ ला त्याच कलाशाखेने तेच ग्रंथ सक्तीचे केले. पंचेचाळीस वर्षांत बंदीपासून थेट अभ्यासक्रमापर्यंत! आपल्या विद्यापीठांचे अभ्यासक्रम किती वर्षांनी बदलतात हे इथल्या प्राध्यापकांनी सांगावं. (हलके घ्या.)

कडू कारलं
तुमच्याच आकड्यांनी बोलू. पंचेचाळीस वर्षं बंदी होती, बरोबर? आणि सक्तीचा झाल्यावर बावीस वर्षांत पुन्हा बडगा. याला तुम्ही उजेड म्हणता?

सिजेचं पुढे काय झालं ते सोयीस्करपणे गाळलंत. इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, बोलावणं आलं, त्याने पॅरिस सोडलं, आणि इटलीत ऑर्व्हिएतोला त्याच्याच चिटणिसाने त्याला भोसकलं. चिटणीस वेडा होता म्हणतात. असेल.

आणि पॅरिसातच १२४० ला तालमूदवर, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथावर, 'वादविवाद' ठेवला गेला. ज्यू धर्मपंडितांना हरण्यासाठीच बोलावलं होतं. मग १२४२ च्या सुमारास चोवीस गाड्या भरून हस्तलिखितं जाळली. छापखाना नव्हता, एकेक प्रत हाताने लिहिलेली. चोवीस गाड्या म्हणजे किती जणांची आयुष्यं, हिशेब करा. उजेड पडला असेल तर तो त्या होळीचा.

वाकडी रेघ
दोघेही १२७७ कडे पोलीस केस म्हणून बघताय. मला त्यातली भौतिकशास्त्राची बाजू जास्त रंजक वाटते.

यादीतलं ३४ वं विधान असं की आदिकारण, म्हणजे देव, एकाहून अधिक विश्वं निर्माण करू शकत नाही. ४९ वं असं की देव आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण मागे पोकळी उरेल. दोन्ही थेट अ‍ॅरिस्टॉटलच्या घरची. बिशप म्हणाला, देवाला 'तू हे करू शकत नाहीस' म्हणणारे तुम्ही कोण? त्याचा हेतू धार्मिकच होता. पण परिणाम काय झाला? पोकळी अशक्य आहे, विश्व एकच असू शकतं, हे आता गृहीत धरता येईना. निदान कल्पनेपुरतं तरी उलटं धरून बघावं लागलं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर द्युएम याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच्याच जोरावर म्हटलं की आधुनिक विज्ञानाला जन्मतारीख द्यायचीच असेल तर ती १२७७.

त्यानंतरचं पॅरिस बघा. फेकलेला दगड हात सुटल्यावरही का जातो? हवा ढकलते म्हणून, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. पॅरिसचाच मास्तर ब्युरिदाँ म्हणतो नाही, फेकणाऱ्याने दगडातच एक जोर भरलेला असतो. निकोल ओरेम तर १३७७ च्या ग्रंथात, तोही फ्रेंचमध्ये, पृथ्वी स्वतःभोवती फिरते या बाजूने एकामागून एक मुद्दे मांडतो. चालत्या जहाजातल्या माणसाला दुसरं जहाजच हलल्यासारखं वाटतं, हा दाखलाही तो देतो. कोपर्निकसला अजून दीडशे वर्षं होती.

कडू कारलं
बंदीतून विज्ञान जन्मलं म्हणणं म्हणजे आणीबाणीने पत्रकारितेला शिस्त लावली म्हणण्यासारखं आहे. द्युएम स्वतः कट्टर कॅथलिक होता हेही सांगा ना. आणि विज्ञानाचा इतिहासकार कोयरे याने त्याचा हा दावा पुढे चांगलाच सोलून काढला.

आणि ओरेम! एवढे मुद्दे मांडून शेवटी काय म्हणतो? सगळे मानतात आणि मीही मानतो की फिरतं ते आकाश, पृथ्वी नव्हे. आधार कशाचा, तर बायबलातल्या स्तोत्राचा. तुमचा साक्षीदार ऐन वेळी फितूर झाला की हो.

वाकडी रेघ
फितूर नाही, वकील आहे तो. त्याचं म्हणणं असं की अनुभवाने हे सिद्ध होत नाही आणि युक्तिवादानेही नाही. मग नुसत्या युक्तिवादाच्या जोरावर श्रद्धेवर तुटून पडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. पटो न पटो, ही घाबरलेल्या माणसाची भाषा नाही. हे पुस्तक त्याने राजा पाचव्या शार्लसाठी लिहिलं आणि त्याच वर्षी तो लिझियूचा बिशप झाला.

कोयरेचं मान्य. जन्मतारखेचा हट्ट मीही सोडतो.

गावठाण
भांडणं झाली असतील तर मूळ मालकांचं नाव घ्या. अ‍ॅरिस्टॉटल पॅरिसला आला कुठून? बराचसा थेट ग्रीकमधून, काही अरबीमधून, आणि इब्न रुश्दचं भाष्य तर अरबीतूनच. स्पेनमधलं तोलेदो १०८५ ला ख्रिस्ती राजाच्या हाती पडलं, तिथली अरबी पुस्तकं आणि ती वाचू शकणारे लोक तिथेच राहिले. इटलीच्या क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथ 'अल्माजेस्ट' शोधत तिथे गेला, पुस्तकांचा तो ढीग बघून तिथेच अरबी शिकला आणि सत्तरहून जास्त ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. एका पुस्तकासाठी गेलेला माणूस!

आपला धागाही यात आहे. पिसाचा लिओनार्दो (फिबोनाची) अल्जीरियातल्या बुजी बंदरात हिशेब शिकला. १२०२ च्या त्याच्या ग्रंथात सुरुवातीलाच तो सांगतो की हे नऊ आकडे भारतीयांचे, आणि शून्याला अरब जे म्हणतात ते नाव देतो.

आता चर्चवाल्यांसाठी गंमत. फ्लोरेन्समध्ये १२९९ ला या आकड्यांवर बंदी आली. घातली कोणी? सराफांच्या संघाने! वहीत रकमा अक्षरी लिहा म्हणाले. शून्याचा सहा किंवा नऊ करणं फार सोपं, हे बहुधा कारण. आपण चेकवर 'अक्षरी रुपये' लिहितो ते काय वेगळ्या भीतीने? त्यामुळे प्रत्येक बंदीमागे पाद्री शोधू नका.

जुना दप्तरी
गावठाण, सराफांचा मुद्दा झकास. कारलेबुवा, तालमूदचं गाळलं ही माझी चूक. त्याला उत्तर नाही.

पण विद्यापीठ ही चीज नीट बघा. १२२९ च्या कार्निव्हलमध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांचं गुत्त्यात दारूच्या बिलावरून भांडण झालं. प्रकरण वाढलं, शिपायांनी काही विद्यार्थी मारले. मास्तरांनी वर्ग बंद केले आणि चक्क शहर सोडलं. दोन वर्षं! शेवटी १२३१ ला पोपने फर्मान काढलं आणि अन्याय झाल्यास व्याख्यानं थांबवण्याचा हक्क मास्तरांना दिला. संपाचा हक्क, पोपच्या सहीने. १२७७ च्या यादीवरही पुढे फोंतेनच्या गोदफ्रुआसारख्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने उघड टीका केली, की हिच्यामुळे विद्यार्थ्यांचं नुकसान होतंय. त्याला कोणी जाळलं नाही. माझा मुद्दा एवढाच, की तिथे बंदीला उलट बोलता येत होतं.

मास्तरीण
उशिरा येतेय. 'उलट बोलता येत होतं' यावर थांबले.

कोणाला?

मार्गरीत पोरेत. विद्यापीठाशी संबंध नाही, लिहिणार फ्रेंचमध्ये, आत्मा प्रेमात इतका विरघळतो की त्याला चर्चच्या शिडीची गरज उरत नाही अशा अर्थाचं. आधी बिशपने व्हालाँसिएनला तिच्या डोळ्यांदेखत पुस्तक जाळलं. तिने ते पुन्हा लोकांना दिलं. मग पॅरिसला कैद. दीडेक वर्ष तिने चौकशीत शपथ घेतली नाही की उत्तर दिलं नाही. १ जून १३१० ला तिला जाळलं.

पुस्तक पाखंडी ठरवलं कोणी माहीत आहे? तुमच्या विद्यापीठाने. एकवीस धर्मशास्त्र्यांपुढे पुस्तकातून उचललेली सुटी वाक्यं ठेवली आणि त्यांनी एकमुखाने निकाल दिला. १२७७ चीच पद्धत. ज्यांना स्वतःवर यादी आली तेव्हा सुटी वाक्यं काढण्याचा अन्याय कळत होता, त्यांच्याच विद्यापीठाने हे केलं. आणि तुमच्या त्या गोदफ्रुआने तिचं पुस्तक वाचून आधी पसंती दिली होती, काहीशी जपून. १३१० ला तो हयात नव्हता.

लॅटिनमध्ये, झगा घालून, वर्गात उभं राहून पृथ्वी फिरवा, हरकत नाही. बाईने बोलीभाषेत देवाशी थेट बोलायचं नाही.

वाकडी रेघ
ओरेमनेही फ्रेंचमध्येच लिहिलं होतं.

मास्तरीण
राजाने सांगून. तोच तर फरक.

आणि दप्तरी, तुम्हाला एक हत्यार देते. तिचं पुस्तक बुडालं नाही. लॅटिनमध्ये गेलं, इटालियनमध्ये गेलं, इंग्लिशमध्ये गेलं, मठांमधून निनावी नकलून घेतलं गेलं. ते तिचं, हे १९४६ ला रोमाना ग्वार्निएरी या संशोधक बाईंनी ओळखलं. सहाशे वर्षं पाखंडी बाईचं पुस्तक साधूंनी जपलं, कोणाचं ते न कळता.

जुना दप्तरी
हे हत्यार उलटंही चालतं. नाव काढल्यावरच ते टिकलं.

'उलट बोलता येत होतं' हे वाक्य मागे घेतो. 'काहींना' जोडून पुन्हा लिहितो.

कडू कारलं
घ्या, जोडा. मी 'अंधारयुग' सोडत नाही, पण सरसकट हजार वर्षांवर लावणार नाही. १३१० ला लावतो, १२४२ ला लावतो. १२७७ बद्दल अजून वाचावं लागेल.

१२९९ चे सराफ तुमचे तुम्ही सांभाळा.