लांबच्या प्रवासाहून परतल्यावर घरी कसे रुळलात? अनुभव लिहा

14 महिने फिरून आम्ही दोघं मार्चमध्ये पुण्यात परतलो. तुर्कस्तान, जॉर्जिया, आर्मेनिया, शेवटी किर्गिझस्तान. भाड्याने दिलेलं घर ताब्यात आलं, खोकी उघडली, गॅस सुरू झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठून करायचं काय तेच कळेना. प्रवासात रोज एकच प्रश्न असायचा: आज झोपायचं कुठे? तो सुटला की दिवस सार्थकी लागायचा. इथे पलंग आपला, उशी आपली, आणि झोप नाही. भेटायला येणारे प्रेमाने विचारायचे, ‘कसा झाला प्रवास?’ चहा संपेपर्यंत मावेल तेवढं मी सांगायचे. बाकीचं आत राहायचं.

जॉर्जियात स्तेपान्त्स्मिंदाला मातीच्या खोल भट्टीत, आपल्या तंदूरसारख्याच, भिंतीला चिकटवून भाजलेला होडीच्या आकाराचा पाव मिळायचा. त्याला शोटी म्हणतात. तो गरम पाव काखेत धरून आम्ही 2170 मीटरवरच्या गेर्गेतीच्या चर्चपर्यंत चढलो होतो. डोंगर आणि ताजा पाव ही जोडी तिथे मनात बसली. म्हणून आता शुक्रवारी रात्री पीठ मळते, पहाटे भाजते, फडक्यात बांधते आणि पायथ्याच्या पहिल्या बसने सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. वर देवटाक्याशी मडक्यातल्या दह्याबरोबर खातो. आठवड्यातला तेवढा एक दिवस मला कुठे असायचं ते ठाऊक असतं.

वारी, परिक्रमा, बोट, परदेशातली नोकरी, कसलाही लांबचा प्रवास चालेल. परत आल्यावर नेमकं काय केलंत, ते तपशिलात लिहा.

नाशिकहून

ताई, वाचून राहवलं नाही. माझं वय 63. दोन वर्षांपूर्वी ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलली, पायी. परंपरेने 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस सांगितलेत, मला पाच महिने लागले. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. घरी आल्यावर महिनाभर मी रस्त्याने चालतानासुद्धा उजवीकडे बघायचे. जमिनीवरच झोपायचे. फ्रीज उघडला की इतकं सगळं बघून डोळ्यांत पाणी यायचं. मुलगा आणि सूनबाई काळजीत पडले, पण त्यांना काय समजावणार?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले. पावसात, चिखलात, हजारो माणसांबरोबर. डोंगर अख्खा वेळ उजव्या हाताला. त्या रात्री मी पलंगावर झोपले.

दिवाळीत सूनबाईच्या ओव्हनमध्ये नानकटाई केली. आमच्या लहानपणी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीत रांग लावायची, पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि दरवळ घेत थांबायचं. कृती तीच. तूप हाताने पांढरंशुभ्र होईपर्यंत फेसायचं, त्यात कंटाळा केला तर खुसखुशीतपणा येत नाही. 160 अंशांवर वीसेक मिनिटं. आठ डझन केली आणि सगळी वाटली. अख्ख्या परिक्रमेत मी सदावर्तावर जेवले, लोकांनी दिलेलं घेत राहिले. घरी आल्यावर हात रिकामे वाटत होते ते त्यामुळे, हे मला वाटता वाटता समजलं.

एक सांगू? सिंहगडाची उंची 1312 मीटर आणि मैयाची लांबी 1312 किलोमीटर. मला फार आनंद झाला होता हे कळल्यावर.

ठाण्याहून

नऊ वर्षं म्युनिकला होतो, बाबा गेल्यावर आईसाठी परत आलो. तिथलं पावाचं आंबवण, म्हणजे पाव फुगवणारं आंबलेलं पीठ, वाळवून पुडीत आणलं होतं. ठाण्यात ते जिवंत झालं त्या दिवशी मी एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून रडलो.

पण तिथलं वेळापत्रक इथे चालत नाही. थंड स्वयंपाकघरात ज्या पिठाला 12 तास लागायचे ते मे महिन्यात चार तासांत फुगून खाली बसतं. आता आंबवण पिठाच्या दहाव्या भागाइतकंच घेतो, पाणी फ्रीजमधलं, आणि मळलेला गोळा रात्रभर फ्रीजमध्येच. अर्धा मैदा, अर्धा खपली गहू. खपलीत ताण कमी, गोळा पसरतो, म्हणून साच्यात भाजतो. आई म्हणाली, ‘अरे, हे आपल्या विरजणासारखंच की. उन्हाळ्यात कमी लावायचं.’ तिच्या त्या वाक्यानंतर आम्ही दोघं रोज काहीतरी बोलायला लागलो.

आल्प्समध्ये वाटांवर पिवळ्या पाट्या असतात, किती वेळ लागेल तेही लिहिलेलं. माहुली गडावर आसनगावहून गेलो तेव्हा वाट विचारत जावं लागलं. एका मामांनी अर्धा तास सोबत केली. माझं मराठी पुन्हा मोकळं झालं ते तिथे.

नागपूरहून

आठ महिने झाले, सॅक अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. इथे जवळ डोंगर म्हणजे रामटेकची टेकडी. तुमचं सगळ्यांचं वाचून काल जाऊन आले. आज सॅकचा एक कप्पा रिकामा केला.

दापोलीहून

मी बोटीवर असतो. आठ महिने तिकडे, तीन-चार महिने घरी, गेली 17 वर्षं. इंजिनाचा आवाज थांबला की मला जाग येते. घरी तो नसतोच, त्यामुळे पहिले दहा दिवस झोप नाही. दुसरं कठीण म्हणजे घर माझ्याशिवाय नीट चाललेलं असतं. बाजार, मुलीची शाळा, आईची औषधं, सगळ्याची घडी बसलेली. मी मध्येच येऊन हात घातला की बायकोची अडचण होते, हे उमगायला मला फार वर्षं लागली.

बोटीवर पहाटे चार ते आठ माझी पाळी असते आणि त्याच वेळी खालून कुकच्या पावाचा वास येतो. गेल्या सुट्टीत घरी साडेतीनला जाग आली तेव्हा पाव करायला घेतला. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ, वर भांडं. रंग कमी आला, पण मुलगी वासाने उठून आली. आता घरातलं हे काम माझं. या सुट्टीत तो पाव घेऊन तिला रसाळगडावर नेलं. झोलाईच्या देवळाशी बसून खाल्ला, मग तिने गडावरच्या तोफा मोजल्या. मोजताना दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मला मोजायला लावल्या.

पुन्हा पुण्याहून

काकू, 1312 चं मला खरंच ठाऊक नव्हतं. मधला एक शनिवार तापामुळे चुकला. या शनिवारी तुमच्या कृतीची नानकटाई घेऊन चढले. देवटाक्याशी दहीवाल्या मावशींना दिली. डबा हातात घेत त्या म्हणाल्या, ‘गेल्या शनिवारी का नाही आलात? तुमची दोन मडकी बाजूला ठेवली होती.’