धूमकेतू नेमका कुठे आणि किती वाजता बघायचा? दोन दिवस दिसलाच नाही

गच्चीवरून | १४ ऑक्टोबर २०२४
नमस्कार मंडळी, तो त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू दिसला का कुणाला? आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, काल आणि आज दोन्ही दिवस सूर्य मावळल्या मावळल्या बाबांना घेऊन गच्चीवर गेलो, शुक्र छान चमकत होता पण बाकी काही नाही, मग अर्ध्या तासात खाली आलो कारण बाबांना जास्त वेळ उभं राहवत नाही. १९९७ ला हेल-बॉप त्यांनी गावी खळ्यात बाज टाकून बघितलाय, अजून सांगत असतात, म्हणून हा त्यांना दाखवायचाच आहे. जुनी ७ बाय ५० दुर्बीण आहे घरात. आणि परवा कोजागिरी, म्हणजे चांदण्यात संपलंच का सगळं?

समुद्रकाठ
आजच बघितला, गुहागरच्या किनाऱ्यावरून! तुमचं चुकतंय ते वेळेचं. सूर्यास्तानंतर पहिला अर्धा तास आकाश उजळच असतं, तुम्ही खाली गेलात आणि तो दिसायला लागला असणार. पावणेसात ते सव्वासात धरा. पश्चिमेला तोंड करा, डावीकडे शुक्र, उजवीकडे स्वातीचा तांबूस तारा, साधारण दोघांच्या मध्ये. आधी दुर्बिणीतून शोधा, एकदा जागा कळली की डोळ्यांनीही सापडतो. बोटाने रांगोळी वरच्या बाजूला फासल्यासारखी शेपटी दिसते, डोकं खाली.

निळी_टेकडी
शेपटी वर का, तर ती नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असते आणि सूर्य आत्ता क्षितिजाखाली. आजकालच्या फोटोंत डोक्यापासून खाली सूर्याकडे जाणारी एक बारीक रेघ पण दिसतेय बघा, पृथ्वी त्याच्या कक्षेच्या पातळीतून जातेय त्यामुळे मागे राहिलेली धूळ आपल्याला कडेने दिसते, सूर्याकडे खरी शेपटी नाही ती. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता, १२ ऑक्टोबरला आपल्यापासून साधारण ७ कोटी किमीवर. ९ तारखेच्या आसपास एवढा तेजस्वी झाला कारण जवळपास आपल्या आणि सूर्याच्या मधे होता, घरात कवडशातली धूळ उजेडाच्या दिशेने बघितलं की कशी चमकते, तसंच.
कोजागिरीचं टेन्शन घेऊ नका. तो रोज वर सरकतोय पण रोज थोडा फिकाही होतोय, त्यामुळे ढग नसतील तर उद्यापण बघाच. नाहीतर सरळ १९-२० ला जा, २० ला चंद्र साडेआठनंतर उगवतो, तोवर अंधार मिळतो. फक्त शहराबाहेर पडा आणि पश्चिमेला डोंगर किंवा बिल्डिंग आडवी नको.

माळरान
बाबांसाठी फोल्डिंग खुर्ची न्या, दुर्बीण धरताना कोपर गुडघ्यावर टेकवायला सांगा, हात हलला की एवढी फिकी गोष्ट हरवते. मोबाईल खिशात ठेवा, एकदा स्क्रीन बघितली की डोळे परत अंधाराला सरावायला वेळ लागतो. आणि थेट त्याच्यावर नजर न रोखता किंचित बाजूला बघा, शेपटी जास्त लांब दिसते, खरंच. आमची आजी याला शेंडेनक्षत्र म्हणायची आणि घाबरायची, पण बर्फ आणि धूळ आहे हो ती, पोरांना बिनधास्त दाखवा.

गच्चीवरून | २० ऑक्टोबर
दिसला!!! मधे चार दिवस ढग आणि पाऊस, आज दुपारनंतर मोकळं झालं तसे पानशेत रोडला गेलो. साडेसातला शुक्राच्या बराच वर, थोडा उजवीकडे, नुसत्या डोळ्यांना एक धुरकट पट्टा, दुर्बिणीत मात्र स्पष्ट, डोकं कापसाच्या बोळ्यासारखं. बाबांना सापडेना, मग मी मागे उभा राहून त्यांचं डोकं धरून हळूहळू वळवलं, एकदम म्हणाले "थांब, हलवू नको", आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. हेल-बॉप याहून खूप मोठा होता म्हणे, पण तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, झोपलेलो. निघताना गाडीत बसले आणि परत दुर्बीण मागून घेतली.