टीव्ही सोडून रेडिओवर गेलं तर कामाचं समाधान मिळेल का?

साखळीकरीण: पणजीत एका केबल वाहिनीवर बातमीदार आहे. सकाळी पर्वरीला विधानसभा, दुपारी म्हापशात मोर्चा, संध्याकाळी बाईट (लोकांच्या बोलण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे) कापून व्हीओही, म्हणजे दृश्यांमागचा आवाजही, मीच द्यायचा. कामाचा कंटाळा मुळीच नाही. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीत चिखलात उभी राहून लाइव्ह देत होते, तर एका आजीने बूम माइकच धरला, "आमचं घर दाखव गो बाय." पडकी भिंत, भिजलेलं भात, सगळं दाखवलं. नंतर तलाठी पंचनाम्याला आले. तो दिवस मला अजून पुरतो.

पण नेमणूकपत्र नाही, पगार दोन हप्त्यांत. आणि हल्ली डेस्कवरून सांगतात, "मंत्र्यांचा बाईट आण, उलटा प्रश्न नको." हे जास्त लागतं. आकाशवाणीवर कॅज्युअल, म्हणजे कायम नोकरी नसलेली निवेदक, म्हणून जावं का?

आल्तिनोचा आवाज: ताई, मी तिथे कॅज्युअल आहे. मानधन ड्युटीप्रमाणे, आणि ड्युट्या मोजक्याच. त्यावर घर चालत नाही. बुलेटिन वेळेवर, आरडाओरडा नाही, उच्चार चुकला तर पेडण्याहून फोन येतो, इतकं मन लावून ऐकतात लोक. यात मला खरंच आनंद आहे. पण मजकूर तयार येतो, तो वाचायचा. तुला माणसांत जायचं असेल तर स्टुडिओत घुसमट होईल. खासगी एफएमचा विचार करू नकोस. त्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, लावलंच तर आकाशवाणीचंच बुलेटिन लावता येतं.

फोंडेकर: आधी पत्राचं बघा. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता, टीव्ही-रेडिओवाले त्यात नव्हतेच. कामगारांच्या सुरक्षा व आरोग्याची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातल्या पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमं आहेत, आणि नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार हवेत. उलट्या प्रश्नाचं मात्र कायदा काही करणार नाही, ते संपादकाशीच भांडावं लागेल. हातात पत्र असलं की भांडायला बळ येतं.

साखळीकरीण: कॅमेरामन, एडिटर धरून आम्ही दहाच्या वर आहोत. सोमवारी चौघंजण मिळून मागतो. पत्रावर हुद्दा 'बातमीदार' असाच लिहून घ्यायचा ना?

फोंडेकर: हो, तोच. 'मीडिया असिस्टंट' वगैरे लिहून दिलं तर सही करू नका.