रोज दोन प्रवचनं ऐकते, तरी आत काही मुरत नाही

नगरची, सध्या वास्को

सलाम. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळची नगरची. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. नोकरीमुळे गोव्यात आले. बांबोळीला स्टाफ नर्स आहे, राहते वास्कोला. बसमध्ये रोजचा दीड तास जातो. तो वाया घालवायचा नाही असं ठरवून दोन वर्षांपूर्वी इयरफोन घेतले आणि मराठी संदेश, म्हणजे आमच्याकडची प्रवचनं, ऐकायला लागले. जाताना एक, येताना एक. हिशेब केला तर हजाराच्या वर गेले असतील.

परवा वॉर्डात एका बाईंची मुलगी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही रोज बायबल ऐकता ना? आईला एखादी ओळ सांगा." बाईंचं फार दिवसांचं राहिलेलं नव्हतं. आणि मला एक ओळ आठवेना. आवाज आठवले. एक पाळकसाहेब 'हालेलुया' म्हणायच्या आधी मोठा श्वास घेतात, तो श्वास आठवला. दुसऱ्यांचा सासू-सुनेचा विनोद आठवला. वचन नाही. शेवटी आजीनं सहाव्या वर्षी पाठ करून घेतलेलं तेविसावं स्तोत्र म्हटलं, तेही मधली एक ओळ गाळून.

आता दुसरी गोष्ट. रविवारी माझ्या ड्यूटीत बसेल अशी मराठी उपासना मला जवळपास सापडली नाही, म्हणून शेजारच्या मावशींबरोबर इगर्जीत, म्हणजे त्यांच्या कॅथलिक चर्चमध्ये, जाते. आम्ही कॅथलिक नाही. कम्युनियनच्या वेळी मी बाकावरच बसून राहते, मावशींना आता त्याची सवय झालीय. तिथलं प्रवचन कोंकणीत. मला अर्धंमुर्धं कळतं. आणि ते अर्धंमुर्धंच आठवडाभर डोक्यात फिरत राहतं! सुरुवातीचे कितीतरी रविवार मला वाटायचं, वाचन संपलं की हे लोक 'देवाचं उत्तर' म्हणतात. मी मनात म्हणायची, कुणाच्या प्रश्नाचं? मावशी हसून हसून बेजार. "उतर म्हळ्यार शब्द गो बाय!"

म्हणजे ज्या भाषेत सगळं कळतं ते गळून जातं आणि जे अर्धं कळतं ते राहतं. असं का होतं? ऐकणं कमी करू? वही घालू? कुणी स्वतः काही करून पाहिलं असेल तर सांगा. 'प्रार्थना करा' एवढंच लिहू नका, ती करतेच.

मडगावचो पोरगो

दीडपट वेगानं ऐका, निदान वेळ वाचेल. (थट्टा हां.) पोप फ्रान्सिस २०२४ च्या जूनमध्ये म्हणाले होते की प्रवचन आठ मिनिटांच्या वर नको, त्यानंतर लोक झोपतात. तुमचे संदेश किती मिनिटांचे?

नगरची, सध्या वास्को

चाळीस-पंचेचाळीस. आणि झोपेचं म्हणाल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० काढा. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं त्याला उठवलं, आणि वर जाऊन पुन्हा उजाडेपर्यंत बोलला! मी निदान सीटवर असते.

बार्देसचा मास्तर

बाय, मी कॅथलिक, घरची बोली कोंकणी, पण नोकरी मराठी प्राथमिक शाळेत झाली. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यामुळे माझंही लांबणार.

आमच्या लहानपणी, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधी, मीस (रविवारची उपासना) लॅटिनमध्ये. पाद्रीची पाठ आमच्याकडे. अवाक्षर कळायचं नाही. कळायचा तो फक्त शेर्मांव, म्हणजे प्रवचन, कारण तो कोंकणीत. तेवढ्यासाठी कान टवकारलेले असायचे. आणि ते तसे ठेवायला आणखी एक कारण होतं, आमची आई. घरी आलो की शीत (भात) वाढायच्या आधी ती विचारणार, "आज पाद्रीन कितें सांगलें?" प्रत्येकानं एक वाक्य सांगायचं. भावानं सांगितलेलं वाक्य पुन्हा चालायचं नाही. आम्ही पाच भावंडं आणि मी शेंडेफळ, माझी पाळी शेवटची. म्हणजे मला पाच वाक्यं तयार ठेवावी लागत, त्यातली चार हमखास वर गेलेली. पाचवं वाक्य कुठून आणायचं? तर दुसऱ्या कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागेवरून. दाखल्यात मागे उभा असलेला नोकर, नाहीतर अंजिराच्या झाडाला टाकलेलं खत. आजही मी तसाच ऐकतो. आई जाऊन चाळीस वर्षं झाली.

तुमचं कोंकणी का राहतं, ते मला शिक्षक म्हणून सांगता येईल. फळ्यावर मी गणित सोडवून दाखवलं की सगळी पोरं माना डोलवायची आणि घरून वही कोरी यायची. कोंकणी ऐकताना गणित तुम्ही स्वतः सोडवता. 'सोमी' म्हणजे स्वामी असणार, 'भावार्थ' म्हणजे इथे श्रद्धा दिसते, सारांश नव्हे, असं जुळवत जाता. मराठी संदेशाला तुमचा हातच लागत नाही. तो सुटलेला नळ आहे, खाली बादली नाही.

आता कामाचं सांगतो. आमच्या रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, १९६९ पासूनचं. येशूच्या चार शुभवर्तमानांपैकी एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान सणासुदीला मधे मधे. यंदा मत्तयाचं वर्ष. गेल्या रविवारी पेरणाऱ्याचा दाखला झाला ना? येत्या रविवारी गहू आणि निदण, म्हणजे तण. त्याच्या पुढच्या रविवारी शेतात लपवलेली ठेव. तिन्ही मत्तयाच्या अध्याय १३ मधलेच. म्हणजे तीन आठवडे एकाच अध्यायात मुक्काम करायची सोय आयती झाली आहे.

शनिवारी रात्री तो भाग तुमच्या मराठी बायबलमधून मोठ्यानं वाचा. मनात नको, मोठ्यानं. जिथे अडाल तिथला एकच प्रश्न कागदावर लिहा आणि तो घेऊन इगर्जीत जा. पाद्री त्याचं उत्तर देईल असं नाही. बहुधा देणारच नाही. तरी चालेल, प्रश्न असला की कान उघडा राहतो. सोमवार-मंगळवार इयरफोन घरी. बुधवारी त्याच भागावरचा एक संदेश ऐका, फक्त एक. मग बघा, तो बोलणारा कुठे घाईनं पुढे सरकला ते तुम्हाला कळायला लागेल.

एक नमुना देतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात चांगल्या जमिनीत पीक किती आलं? मत्तय म्हणतो शंभरपट, साठपट, तीसपट. मार्क, अध्याय ४, म्हणतो तीसपट, साठपट, शंभरपट. एक उतरत येतो, एक चढत जातो. लूक नुसतं शंभरपट म्हणून मोकळा. हे मला वयाच्या साठीत दिसलं. ऐकून नव्हे, जेवणाच्या टेबलावर दोन पुस्तकं शेजारी ठेवली तेव्हा. का असं, ते माझ्या गावात बदलून येणाऱ्या प्रत्येक नव्या पाद्रीला विचारतो. एकानं चहा पाजून विषय बदलला.

आणि ते 'देवाचं उत्तर' दुरुस्त करून घेऊ नका. चूक झकास आहे.

फोंड्याची कीर्तनवेडी

मी हिंदू, तुमच्यात मधेच तोंड घालतेय. पण लहानपणापासून देवळात कीर्तनं ऐकत आले म्हणून लिहिते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगाला एक अभंग घेतात. एकच. तासभर त्यालाच उलटतात पालटतात, दाखले देतात, फिरून त्याच ओळीवर येतात. उत्तररंगात आख्यान, आणि शेवटी परत तोच अभंग. आमचे आजोबा रात्री कंदील घेऊन घरी येताना तो गुणगुणतच यायचे, सकाळी गोठ्यातही तोच. तुमच्या एका संदेशात किती वचनं येतात ते एकदा मोजा बरं. वीस-पंचवीस असतील तर कुठलं राहणार?

तुम्ही नगरच्या, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग तुम्हाला मी काय सांगणार. ख्रिस्ती कीर्तनही तुमच्याकडलंच. आणि आमच्याकडे तर फादर स्टीफन्सनी दहा हजारांवर ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत रचलं, १६१६ मध्ये राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. इंग्लंडात जन्मलेला माणूस, पण इथल्या कानांना पुराण ऐकायची सवय आहे हे त्यानं बरोबर हेरलं. लोकांना ते इगर्जीत वाचून दाखवत. चालीवर बसलेलं विसरायला होत नाही. तुमचं तेविसावं स्तोत्र बघा, आजीनं ते चालीवरच शिकवलं होतं ना?

एके काळचा भक्त श्रोता

मास्तरांचं पटलं, पण कुणाचं ऐकता तेही बघा. मी चार वर्षं एकाच माणसाचे संदेश ऐकत होतो. नाव घेत नाही. प्रत्येक संदेशाचं शेवटचं स्टेशन एकच, पैसे पाठवायला खाली दिलेला नंबर. तेव्हा मला ते खुपलं नाही, कारण बोलायचा गोड.

डोळे उघडले ते यिर्मया २९:११ मुळे. तुमच्या हितासाठी माझ्या योजना आहेत, या अर्थाचं ते वचन. कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेतही पाहिलंय. तो माणूस ते सांगून 'याच महिन्यात' दार उघडेल म्हणायचा. एक दिवस सहज वरची ओळ वाचली. ते पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आणि वरच्याच, दहाव्या वचनात म्हटलंय, सत्तर वर्षं झाल्यावर. सत्तर! ऐकणाऱ्यांतले अर्धे तोवर मातीत गेले असणार. त्याच्या आधी तर सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा. चार वर्षांत हे एकदाही कानावर पडलं नव्हतं.

तेव्हापासून माझा एकच नियम. कुणीही वचन सांगितलं की पाच ओळी वर आणि पाच ओळी खाली वाचायच्या. बिरुया गावचे लोक तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून बघत होते, कृत्ये १७:११. त्यांना कुणी उद्धट म्हटलं नाही, उलट कौतुकच केलंय.

नगरची, सध्या वास्को

दोन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार. मास्तर, तुम्हाला देव बरें करूं.

पहिला शनिवार फुकट गेला. रात्रपाळी करून आले होते, पुस्तक उघडून त्याच्यावरच झोपले. प्रश्नबिश्न काही नाही. पण रविवारी सकाळी मावशी तयार होईपर्यंत जिन्यात उभी राहून निदणाचा दाखला वाचला. नोकर म्हणतात, तण उपटू का? मालक म्हणतो, नको, दोन्ही बरोबर वाढू द्या. माझी आजी खुरप्याशिवाय शेतात पाऊल टाकत नसे. ती म्हणाली असती, मालक आळशी दिसतोय. हाच प्रश्न घेऊन गेले. फादर भाताच्या शेताबद्दल बोलले. रोपासारखंच दिसणारं तण असतं, लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. पुढचं कोंकणी भराभर गेलं, पण एवढं पक्कं कळलं. मग सोमवारी बसमध्ये, झुआरीच्या पुलावर, आजी आठवली. खुरपताना कधी कधी चांगलं रोपही हाती यायचं तिच्या. मग ती ते परत मातीत खोचायची आणि आम्हाला सांगू नका म्हणायची.

इयरफोनशिवाय बस फार मोठी वाटते. दुसऱ्या आठवड्यात दोनदा मोडलं, खोटं कशाला बोलू.

कीर्तनवेडी ताई, मोजलं. एका संदेशात एकतीस वचनं. आणि हो, स्तोत्र चालीवरच होतं. गाळलेली ओळ चालीवर म्हटल्याबरोबर आली. त्या मुलीला ती सांगायची राहिली. तिची आई गेल्या सोमवारी गेली, मी तेव्हा ड्यूटीवर नव्हते.

मावशींकडे आता मास्तरांच्या आईचा कायदा लागू झालाय. रविवारी त्यांच्याकडेच जेवते. हुमण (माशाची आमटी) वाढायच्या आधी एकेक वाक्य. दोघीच आहोत, तरी मावशी मुद्दाम आधी बोलून माझं वाक्य पळवतात. म्हणून काल पाचवं वाक्य शोधायला लागलं आणि त्यातच अडकलेय. मास्तर, मत्तय १३:४४ काढा. त्या माणसाला शेतात ठेव सापडते. तो ती पुन्हा लपवतो, सगळं विकतो आणि शेत विकत घेतो. शेत दुसऱ्याचं. मालकाला सांगितलं का त्यानं? फादर आनंदाबद्दल बोलले, याच्याबद्दल काही नाही. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे असं केलं तर कोर्टात केस होईल आणि नातवंडांपर्यंत चालेल.

तुम्ही काय म्हणता? आज रात्रपाळी आहे, उद्या सकाळी वाचेन.