लाजर पुढे मेलाच ना? मग त्याला उठवलं कशासाठी?

मोहरीचा दाणा

मेलेल्यांना उठवण्याच्या चमत्कारांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. हे घडलं, म्हणून येशू देव. किंवा, हे घडूच शकत नाही, म्हणून सगळं खोटं. मी श्रद्धावान आहे, पण मला दोन्ही अपुरे वाटतात. वाद व्हावा म्हणूनच हा धागा काढतेय.

येशूने मेलेल्यांना उठवल्याच्या तीन गोष्टी शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावे असलेल्या येशूच्या चरित्रांत, सविस्तर येतात : याईराची १२ वर्षांची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा आणि बेथानी गावचा, चार दिवस कबरेत असलेला लाजर. तिघंही पुढे केव्हातरी मेलेच असणार. त्यांचं मरण लांबलं, टळलं नाही. तेव्हा ‘विश्वास ठेवा, मरण टळेल’ हा या गोष्टींचा अर्थ असूच शकत नाही. योहान अशा कृत्यांना ‘चिन्हे’ म्हणतो, आणि चिन्ह नेहमी स्वतःपलीकडे बोट दाखवतं.

पलीकडे काय, तेही योहानानेच सांगितलेल्या दोन कबरींत दिसतं. लाजर बाहेर आला तो हातपाय बांधलेला, तोंडाभोवती रुमाल गुंडाळलेला. त्याला इतरांनी मोकळं करावं लागलं. येशूच्या रिकाम्या कबरेत मात्र तागाची वस्त्रं मागे पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. मी हे असं वाचते : लाजराला ती वस्त्रं पुन्हा लागणार होती, येशूला नाही. एक परत आला, दुसरा पार गेला. निकीयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या अधिकृत सारांशात, लाजराचं नाव नाही, याईराच्या मुलीचा उल्लेख नाही. तिथे आहे ते ख्रिस्ताचं उठणं आणि शेवटी सर्व मृतांचं उठणं. श्रद्धा त्यावर उभी आहे. हे तिघं म्हणजे पहाटेआधी दिसलेला उजेड.

सरळरेषा

मांडणी सुंदर आहे, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. घडलं की नाही घडलं? ‘चिन्ह’ म्हटल्यावर तो प्रश्न विचारायचाच नाही, असं होऊ नये.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये एक कसोटी दिली : साक्ष खोटी असणं हे त्या चमत्काराहूनही अधिक अशक्य असेल, तरच ती साक्ष मानावी. साक्षीदार भाबडा असतो, चुकतो, ऐकीव सांगतो, हे आपण रोज पाहतो. चार दिवसांचं प्रेत चालताना कोणी पाहिलेलं नाही.

नाईनची गोष्टही पाहा. संदेष्टा एलीयाने सारफथच्या विधवेचा मुलगा उठवला, त्या जुन्या करारातल्या, राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या गोष्टीत एक वाक्य आहे : त्याने त्याला त्याच्या आईच्या हवाली केलं. त्या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरातले हे शब्द लूक जसेच्या तसे नाईनच्या गोष्टीत वापरतो. शिवाय ज्या शूनेममध्ये एलीयाचा शिष्य अलीशाने मुलगा उठवला, ते गाव आणि नाईन एकाच टेकडीच्या दोन बाजूंना आहेत. जुन्या गोष्टीवर नवी गोष्ट घडवली गेली, हाच त्याचा सरळ अर्थ.

खडक

माझा विरोध तुम्हा दोघांनाही आहे.

मोहरीचा दाणा, तुम्ही नकळत पाय मागे घेताय. बोट दाखवायला आधी हात असावा लागतो. प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. घडलं नसेल तर सुंदर अर्थ घेऊन काय करायचं? लाजराची बहीण मार्था कबरेवरची धोंड काढायला निघालेल्यांना थांबवते, आता दुर्गंधी येत असेल म्हणते. हे बोलणं एका प्रत्यक्ष कबरेपुढचं आहे.

सरळरेषा, ह्यूमची कसोटी अशी बेतलेली आहे की प्रत्यक्ष पाहणाराही तिच्यातून पार पडू नये. ‘असं कधीच घडत नाही’ हे आधी धरून चालायचं, मग घडल्याचं सांगणारा प्रत्येक जण आपोआप चुकीचा ठरतो. आणि एलीयाच्या शब्दांचं म्हणाल, तर लूक काही लपवत नाही. नाईनचे लोकच ओरडतात, ‘आमच्यामध्ये मोठा संदेष्टा उदयास आला आहे.’ त्यांनाही एलीयाच आठवला. ओळखीच्या शब्दांत सांगितली म्हणून घटना रचलेली ठरत नाही.

सरळरेषा

मान्य, शब्द उसने असल्याने घटना खोटी ठरत नाही. पण लाजराचं काय? ती गोष्ट फक्त योहानात आहे. बेथानी यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटर, भोवती लोकांची गर्दी, आणि सर्वांत आधी लिहिलेलं मानलं जाणारं मार्कचं शुभवर्तमान त्याविषयी गप्प. योहानाच्या मते येशूला मारायचा कट पक्का झाला तो लाजरामुळे. मार्कमध्ये अधिकारी त्याच्या जिवावर उठतात ते त्याने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलल्यावर. हा किरकोळ फरक नाही, कारणच बदलतं.

खडक

प्रत्येकाने निवडून लिहिलं. अशी पुष्कळ चिन्हं या पुस्तकात लिहिलेली नाहीत, असं योहान स्वतःच म्हणतो. पण ‘मार्कने नेमकं हेच का वगळलं’ याचं मला पटणारं उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल करतो.

उंबरठा

तुमची चर्चा वाचली. मला ती एका वेगळ्या ठिकाणाहून वाचावी लागते.

माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा असताना गेला. आजार लांबला होता, प्रार्थना रात्रंदिवस चालू होत्या. दफनानंतर घरी आलेल्या एका गृहस्थांनी बहिणीला सांगितलं, ‘विश्वास कमी पडला.’ दाखला बेथानीचाच दिला : विश्वास ठेवशील तर देवाचा गौरव पाहशील. ती दोन वर्षं तेच एक वाक्य स्वतःला विचारत राहिली. कुठे कमी पडले?

घडलं असेल तर मग तिघांसाठीच का, आणि घडलं नसेल तर त्या माणसाने माझ्या बहिणीला नेमकं काय दिलं? या दोन प्रश्नांना बगल देऊन सांगितलेला कुठलाही अर्थ मला नको आहे.

मोहरीचा दाणा

उंबरठा, तुमच्या बहिणीला जे ऐकवलं गेलं ते क्रूर होतं. आणि मूळ कथांनाही ते धरून नाही, असं मला वाटतं. नाईनला कोणी काहीच मागितलेलं नाही. ती बाई येशूला ओळखत होती असंही लूक सांगत नाही. अंत्ययात्रा समोरून आली, तिला पाहून त्याला कळवळा आला आणि त्याने तिरडीला हात लावला, एवढंच. विश्वास तपासला नाही. बेथानीत तर मार्था धोंड काढायलाच हरकत घेत होती, तरीही लाजर बाहेर आला. विश्वासाच्या मापाने जीव मिळतो, हे गणित तिथे बसत नाही.

उंबरठा

पण याईराला तो म्हणतो, ‘भिऊ नको, विश्वास मात्र धर.’ तेही त्याच पुस्तकात आहे. नाईन हवं तेव्हा पुढे करायचं आणि याईर मागे ठेवायचा, हे चालणार नाही.

मोहरीचा दाणा

बरोबर आहे. मी सोयीचं तेवढं उचललं. याईराला सांगितलेलं वाक्य मी अट म्हणून वाचत नाही. ‘तुमची मुलगी मेली, आता गुरूला त्रास कशाला’ असं ऐकलेल्या बापाला, घरापर्यंतची वाट चालता यावी म्हणून दिलेला हात, असं वाचते. पण ते तुमच्या बहिणीवर अट म्हणूनच लादलं गेलं. माझ्या वाचण्याने ते पुसलं जात नाही.

‘तिघांसाठीच का’ याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पानगळ

मध्येच बोलतो. लाजर आजारी असल्याचं कळल्यावरही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच थांबला. ‘तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता’ हे मार्थाही म्हणते, मरीयाही म्हणते. योहानाने दोन्ही बहिणींच्या तोंडून ती तक्रार लिहून ठेवली आणि येशू त्यांना गप्प करत नाही. विश्वास कमी पडला म्हणणारे लोक हा भाग वाचतात का? तक्रार करणाऱ्या बहिणींसमोरच तो उभा होता. आणि अधिकाऱ्यांनी त्याला मारायचं ठरवलं ते या चमत्कारानंतर. लाजराच्या जिवाची किंमत त्याने स्वतःच्या जिवाने मोजली, असं योहानाला सांगायचं आहे. माझ्या दृष्टीने सगळा अर्थ तिथे आहे.

खडक

घटनेबद्दलचं माझं मत कायम आहे : कबर खरी होती, लाजरही खरा होता. पण उंबरठा, मीही एकदा एका शोकाच्या घरी त्या गृहस्थांसारखंच बोललो आहे. तेव्हा मला ते धीर देणं वाटलं होतं. त्या कुटुंबाला भेटायला जाणार आहे.

उंबरठा

जा. पण वचनं सांगायला नको.

बहीण आता पुन्हा बायबल उघडते. योहानाचा अकरावा अध्याय ती ३५ व्या वचनापर्यंत वाचते, ‘येशू रडला’ इथपर्यंत. पुढचं तिला अजून वाचवत नाही.